पाच खोल्या, एक मीटर

जून २०२४ मध्ये दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॅटवर गेली. विक्रम म्हणून बातम्या झाल्या. त्या उन्हाळ्यात मी दिल्लीतच एका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापायचा आणि रात्रभर धग खोलीत सोडायचा. पाच खोल्या, पाच बिऱ्हाडं आणि मीटर एकच, घरमालकाच्या नावावर.

हिशेब साधा आहे. ७५ वॅटचा पंखा चोवीस तास चालला तर महिन्याला ५४ युनिट. २०० वॅटचा कूलर रोज बारा तास चालला तर आणखी ७२. म्हणजे एसी नसलेल्या एका खोलीलाही सव्वाशे युनिट लागतात. दिल्लीत २०१९ पासून २०० युनिटपर्यंत बिल शून्य, ४०० पर्यंत निम्मी सवलत, त्यापुढे काही नाही. वेगवेगळी मीटरं असती तर आम्हा पाचही घरांचं बिल शून्य आलं असतं. एकाच मीटरवर बेरीज सव्वासहाशे झाली आणि सवलत गेली. मालक सबमीटर बघून युनिटला दहा रुपये घ्यायचा. शेजारच्या ताई लेकरू झोपलं की कूलर बंद करायच्या.

भाडेकरूंसाठी वेगळ्या मीटरची योजनाही २०१९ मध्येच आली. तिला भाडेकरार किंवा भाडेपावती लागायची. आम्ही पावती मागितली. उत्तर मिळालं, "खोली सोडा."

सोडून जायचं कुठे? इथे जात येते. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांवरचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना घर नाकारलं जातं किंवा जाचक अटींवर दिलं जातं, हे त्यातून पुढे आलं. माझं आडनाव ऐकल्यावरही तीन घरं "कालच गेली" होती. जिला दुसरं घर मिळण्याची खात्री नाही, ती पावतीसाठी भांडणार कशी? मालकाला हे पक्कं ठाऊक असतं.

तापमान आणि युनिटच्या आलेखात हे काहीच दिसत नाही. तिथे ताईंचा बंद कूलर 'कमी वापर' म्हणून नोंदला जातो.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. सवलत मीटर मोजून न देता बिऱ्हाड मोजून द्या. पावतीऐवजी राहत्या पत्त्याचा कोणताही पुरावा चालवा. आणि मीटर मागितलं म्हणून कुणाला घराबाहेर काढता येणार नाही, असा नियम करा.