चोर नव्हे, साहेब!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषय मात्र सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा : पिक्चर!

'ओशन्स इलेव्हन' न बघितलेला माणूस हॉस्टेलमध्ये सापडणार नाही. त्याचा मूळ अमेरिकन पिक्चर १९६० चा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बेसिल डिअर्डनने 'द लीग ऑफ जंटलमेन' काढला. आठ माजी लष्करी अधिकारी बँक लुटतात. हा मात्र कुणालाच माहीत नाही. 'गांधी' काढणारा रिचर्ड ॲटनबरो यात चोर झालाय, निदान त्यासाठी तरी बघा!

सुरुवातच भन्नाट. रात्री रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण उघडतं, आतून पार्टीच्या सुटातला कर्नल हाईड (जॅक हॉकिन्स) बाहेर येतो आणि रोल्स-रॉईसमध्ये बसून निघून जातो. मग तो बाकी सात जणांना पाच पौंडांच्या अर्ध्या कापलेल्या नोटा पाठवतो. उरलेलं अर्धं हवं असेल तर जेवायला या! पुढे लष्कराच्याच कॅम्पमधून बंदुका पळवताना रॉजर लिव्हसी खोटा साहेब बनून जवानांचं जेवण तपासतो. आपल्या मेसमध्ये जेवणाऱ्यांनी हा सीन चुकवूच नये.

रूममेट म्हणतो, "शेवट फुसका आहे." (शेवट सांगतोय, नको असेल त्यांनी इथेच थांबा.) धूर, गॅस मास्क, वायरलेस जॅम, सगळं घड्याळ लावून, आणि पकडले कशामुळे जातात, तर गाड्यांचे नंबर लिहून ठेवणाऱ्या एका पोरामुळे! मला तो शेवट पटतो. पिक्चर चोरीबद्दल नाहीच मुळी. १९५७ पासून ब्रिटिश सरकार सैन्य कमी करत होतं. हाईडने आयुष्य लष्करात काढलं आणि एक दिवस 'आता गरज नाही' म्हणून त्याला घरी पाठवलं. बाकीचे काही सज्जन नाहीत, पण हाईडच्या घरी एकत्र राहून, ड्यूट्या वाटून, हुकूम पाळताना ते जेवढे खूश दिसतात, तेवढे मला पैसे मिळाल्यावरही वाटले नाहीत.

माझ्या बाबांना कंपनीने व्हीआरएस घ्यायला लावली. त्यानंतर वर्षभर ते सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून पेपर वाचत बसायचे. आई विचारायची, "अहो, कुठे जायचंय का?" हाईडच्या त्या टापटीप घरात मला तेच दिसलं.

दिवाळीत बाबांना हा पिक्चर दाखवला. जेवण तपासायच्या सीनला खूप हसले. संपल्यावर जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "नंबरप्लेटचा विचार करायला हवा होता रे त्यांनी."

बाबा इन्स्पेक्शनला होते.