रोगाची शिक्षा कोणत्या न्यायालयाने दिली?

न्यायालय कैदेची शिक्षा देते. क्षयाची, काविळीची, खरजेची, स्वाइन फ्लूची शिक्षा ठोठावण्याचा अधिकार या देशातल्या एकाही न्यायाधीशाला नाही. तरीही ती शिक्षा तुरुंगाच्या बराकीत भोगावी लागते. तिला ना अपील, ना जामीन, ना तारीख! आणि ती भोगणाऱ्यांत सर्वांत असहाय असतो डोंगरातून खाली आणलेला आदिवासी.

पांडू नरोटे हे नाव नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवावे. गडचिरोलीचा हा आदिवासी तरुण. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून चाललेल्या प्रा. जी. एन. साईबाबा खटल्यात २०१७ साली त्याला जन्मठेप झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूर मध्यवर्ती कारागृहात असताना त्याला स्वाइन फ्लूने गाठले आणि २५ ऑगस्टला सरकारी रुग्णालयात तो गेला. वय अवघे ३३. उपचाराला उशीर झाला, असा त्याच्या वकिलांचा आरोप होता. पुढे ५ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या खटल्यातल्या सर्वांना निर्दोष ठरवले. नरोटेलाही! निकाल लागला, पण सोडायला माणूसच उरला नव्हता. ज्या राज्याने त्याला कोंडले, त्या राज्याला त्याचा ताप वेळेत उतरवता आला नाही. या मृत्यूची लाज ज्याला वाटत नाही, त्याने कायद्याच्या राज्याच्या गप्पा मारू नयेत.

गडचिरोलीचे दुःख नंदुरबारात का सांगता, असे कोणी विचारील. अहो, हे दुःख आपल्याच घरचे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात शंभरातले ६९ जण आदिवासी आहेत. अक्राणीच्या किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरचा एखादा तरुण भांडणाच्या नाहीतर दारूच्या गुन्ह्यात पकडला गेला की त्याचे काय होते ते पाहा. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. कसतो ती जमीन वनदाव्यात अडकलेली, सातबारा नावावर नाही. वकील कोण, तारीख कधी, हे त्याला कळत नाही. तो पावरी बोलतो, भिली बोलतो. त्याच्या छातीत काय होते हे मराठी-हिंदीतल्या डॉक्टरला सांगायचे तरी कसे? आणि त्याची आई मोलगीहून निघून मुलाकातीला कारागृहाच्या दारात पोहोचेपर्यंत दिवस मावळलेला असतो.

त्यात सिकलसेल. सातपुड्याच्या भिल्ल-पावरा घरांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पाणी कमी पडले, थंडी बाधली, अंगात संसर्ग शिरला की रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडून काढावीत तशा कळा सुरू होतात. अंगावर जखम नसते, सूज दिसतेच असे नाही. मग बराकीच्या दारातून उत्तर येते, ‘नाटक करतोय!’ सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा बहुधा निकामी झालेली असते, म्हणून जंतू त्याच्या रक्तात झपाट्याने फैलावतात. इतरांना दोन दिवस अंथरुणावर पाडणारा ताप त्याचा जीव घेऊ शकतो. अशा माणसाला सकाळी डॉक्टर येईपर्यंत थांब म्हणणे हा गुन्हा आहे. आम्ही तो शब्द जाणूनबुजून वापरतो.

आता बराकीची हवा पाहा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत शंभराच्या जागी १३१ माणसे कोंबलेली होती. क्षयरोग्याच्या खोकल्यातून उडालेले जंतू बंद खोलीच्या हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. संध्याकाळी टाळे लागते, सकाळी उघडते. मधली सगळी रात्र शेजारच्याचा श्वास हाच आपला श्वास. नवा कैदी आला, त्याला महिनाभर खोकला आहे, पण थुंकी तपासल्यावाचून तो सरळ सर्वांत मिसळला, तर दोष कोणाचा? आणि क्षयाचे औषध निदान सहा महिने चुकू न देता घ्यावे लागते. तिसऱ्या महिन्यात जामीन झाला, हातात ना गोळ्या ना चिठ्ठी, आणि तो माणूस ऊसतोडीला गुजरातेत निघून गेला, तर औषधाला न जुमानणारा क्षय कुठे कुठे पोहोचेल याचा हिशेब कोण ठेवणार?

भिंती माणसाला अडवतात, रोगाला नाही. १७५० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात तुरुंगातून आणलेल्या कैद्यांबरोबर तुरुंगज्वर आला आणि शहराच्या महापौरासह न्यायासनावरचे न्यायाधीशही त्याने नेले. आपल्याकडे मे २०२० मध्ये आर्थर रोड कारागृहात काय घडले? ८०४ कैद्यांची जागा, आत अडीच हजारांहून अधिक. काही दिवसांत दीडशेहून जास्त कैदी आणि २६ कर्मचारी करोनाबाधित निघाले. ते कर्मचारी घरी बायकापोरांत जात होतेच ना? तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या उच्चाधिकार समितीने गर्दी कमी करण्यासाठी हजारो कैद्यांना तात्पुरते सोडण्याचे ठरवले. म्हणजे उपाय सरकारला ठाऊक होता! मार्च २०२३ मध्ये सुटलेल्यांना परत हजर व्हायचा हुकूम झाला आणि गर्दी रोखण्याची ती निकडही मागे पडली.

पुष्कळ सभ्य माणसे म्हणतात, गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला? त्यांना आमचे पहिले उत्तर हे की २०२२ च्या अखेरीस देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. गुन्हा सिद्ध झालेल्या खुन्यालाही कुजून मरण्याची शिक्षा दिलेली नसते. त्याच्या पायात बेडी घालणारे सरकार त्याच्या औषधाची जबाबदारी त्याच क्षणी उचलते, कारण तो स्वतः दवाखान्यात जाऊ शकत नाही. यात दयेचा प्रश्नच येत नाही. हे देणे आहे. परक्या सरकारने १८९४ साली केलेल्या तुरुंग कायद्यातसुद्धा प्रत्येक तुरुंगात आजाऱ्यांसाठी रुग्णालय किंवा योग्य जागा हवी, आत आलेल्या कैद्याची तपासणी हवी, साथ आली तर कैद्यांना तात्पुरत्या जागेत हलवावे, असे लिहिलेले आहे. आमच्या माणसांना कोंडणाऱ्या इंग्रजाने लिहिले ते स्वराज्यात धड पाळले जात नाही!

खानदेशाला तुरुंगाचा अभिमान आहे. १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्याचे आपण सोहळे करतो. जरूर करावेत. पण त्या भिंतींआड आज जे खोकत आहेत, त्यांच्याकडे पाठ फिरवून गुरुजींचे नाव कोणत्या तोंडाने घेता?

आणि नंदुरबारने साधने नाहीत ही सबब सांगूच नये. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरे प्राणवायूसाठी तडफडत होती, तेव्हा जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांच्या काळात या जिल्ह्याने स्वतःचे प्राणवायू प्रकल्प आधीच उभे केले होते. नर्मदाकाठच्या गावांसाठी इथे तरंगता दवाखाना चालला. आता तर शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मग या महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी ठरल्या वारी कारागृहात जायला काय हरकत आहे? आत येणाऱ्या प्रत्येकाची क्षय, एचआयव्ही आणि सिकलसेलची तपासणी पहिल्याच आठवड्यात झालीच पाहिजे, आणि तपासताना शेजारी पावरी-भिली जाणणारी आशाताई किंवा आरोग्यसेवक हवा. नमुना कारागृह नियमावली ३०० कैद्यांमागे एक डॉक्टर मागते. ते पद कागदावर भरून चालणार नाही. ‘गार्ड नाही’ म्हणून रुग्णालयाची तारीख चुकली, तर ती का चुकली हे पोलीस अधीक्षकांनी लेखी द्यावे. सुटणाऱ्या क्षयरोग्याच्या हातात महिन्याच्या गोळ्या आणि त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राच्या नावाची चिठ्ठी पडल्याशिवाय त्याला फाटकाबाहेर सोडू नये.

जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांची आढावा समिती असते. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक तिचे सदस्य असतात. आजारी आणि अशक्त आरोपीला जामिनावर सोडण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे. समितीच्या पुढच्या बैठकीत सर्वांत आधी आजाऱ्यांची यादी वाचा. ज्यांना केवळ जामीनदार नाही म्हणून आत ठेवले आहे, त्यांना त्याच दिवशी वैयक्तिक बंधपत्रावर सोडण्याची शिफारस करा. आणि कोठडीत कोणी मेलाच, तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी बंधनकारक आहे. तिचा अहवाल फायलीत पुरू नका. मृताच्या गावच्या ग्रामसभेत, त्याच्या आईला समजेल अशा भाषेत, तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा, आणि वाचायला कारागृह अधीक्षकांना स्वतः पाठवा.