दोन राजवाडे आणि एक राजगृह

राजवाडा हा शब्द आम्हाला नवा नाही. सातारा-सांगलीकडच्या कित्येक गावांत एसटीतून उतरून विचारा, राजवाडा कुठाय? पारावरचा म्हातारा न बघता गावाबाहेर हात करील. तिकडं, ओढ्याच्या अंगाला. जाऊन बघाल तर तो महारवाडा. नाव राजवाडा, ठेवलेला गावकुसाबाहेर. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा घेऊन पळायचं, मढ्याची लाकडं फोडायची आणि राहायचं कुठं तर म्हणे राजवाड्यात! ही असली थट्टा फक्त या देशातल्या गावालाच सुचते. 2020 च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारनं ठरवलं की वस्त्यांची जातीवरची नावं काढून टाकायची. ठीक. पाटी बदला. पण पाटी बदलून गावाची नजर बदलते का, ते सरकारनं एकदा संध्याकाळी ओढ्याच्या अंगाला येऊन बघावं.

असल्या राजवाड्यात जन्मलेला मी, गेल्या हिवाळ्यात दोन दोस्तांबरोबर दुसरा राजवाडा बघायला गेलो. बडोद्याचा लक्ष्मीविलास. तिकीट काढलं, रांगेत उभे राहिलो. काही हरकत नाही. बघितलं पाहिजे. ज्यांनी आपल्याला हजारो वर्षं दारात उभं केलं नाही त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन छताकडं मान वर करून बघणं, हाही एक हक्कच आहे. फक्त मान वर केली म्हणून डोकं बंद करायचं नसतं.

आधी वाडा कसा आहे ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा न बघताच शिव्या देतोय. बांधकाम 1878 ला सुरू झालं, 1890 ला संपलं. बारा वर्षं. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रजाचा. तो 1881 ला मेला, मग रॉबर्ट चिझम यानं काम पुरं केलं. बाहेरून बघाल तर मशिदीचे घुमट, राजपुती छत्र्या, जैन देवळाची नक्षी, युरोपातला मनोरा, सगळं एकात एक. विद्वान लोक त्याला इंडो-सारसेनिक म्हणतात. दगड आग्र्याचा आणि पुण्याकडचा, संगमरवर राजस्थानचा आणि इटलीचा. पावणेदोनशेच्या आसपास खोल्या. भोवती शेकडो एकर आवार, त्यात गोल्फचं मैदान. बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट अशी फुशारकी कानावर येते. असेल नाहीतर नसेल. गोऱ्या राणीच्या घराशी माप लावल्याशिवाय आपल्या राजांना उंची येत नव्हती, एवढं त्यातून कळतं.

आत शस्त्रागार. तलवारी, खंजीर, मुठींवर सोनं. मग गादीचा दिवाणखाना. तिथली गादी अगदी साधी, आणि भिंतीवर रविवर्मा. 1888 साली या वाड्यासाठी रविवर्म्याला पुराणातल्या चौदा चित्रांचं काम दिलं गेलं. नल-दमयंती आहे, विश्वामित्र-मेनका आहे, द्रौपदीची विटंबना आहे. एकलव्याचा तुटलेला अंगठा त्या चौदांत नाही. शंबूकाचं मुंडकंही नाही. राजाच्या भिंतीवर कुठलं पुराण चढतं आणि कुठलं पुराण दाराबाहेर राहतं, याचा हिशेब कुठल्या कलासमीक्षकानं केलाय? रंग सुरेख आहेत, मी नाही म्हणत नाही. रंग सुरेखच असतात. सवाल चौकटीचा आहे.

मग दरबार हॉल. दोस्तहो, इथं माणूस गप्प होतो. एवढ्या मोठ्या दालनात मधे एक खांब नाही. वर कोरीव लाकडाचं छत. खिडक्यांना बेल्जमची रंगीत काच, ऊन आलं की फरशीवर रंग सांडतात. फरशी व्हेनिसच्या पद्धतीची, तुकडा तुकडा बसवलेली. इटलीहून बारा कारागीर आले आणि ती घालायला त्यांना अठरा महिने लागले, असं सांगतात. वर सज्जे, राजघराण्यातल्या बायकांनी जाळीआडून गाणंबजावणं ऐकायला. खाली मोठमोठे गवई गायले. म्हणजे राजाच्या घरच्या बाईलाही जाळीच. सोन्याची असली तरी जाळी ती जाळी.

माझा एक दोस्त गवंडीकाम करतो. तो छताकडं बघत नव्हता, फरशीकडं बघत होता. म्हणाला, "बारा इटालियन तर बारा. पण चुना कुणी मळला? दगड वर कुणी चढवला?" बस्स. या एका सवालावर सगळा राजवाडा उभा आहे. मँटचं नाव कळतं, चिझमचं कळतं, रविवर्म्याचं कळतं, ब्राँझचे पुतळे घडवणाऱ्या फेलिचीचं कळतं. बारा वर्षं डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बाईचं नाव मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. ज्यानं आराखडा काढला तो इतिहास झाला, ज्याची पाठ मोडली तो चुन्यात मिसळला.

आता पैसा. खर्च 1 लाख 80 हजार पौंड, असं छापलेलं सापडतं. हा पैसा राजाच्या बापानं मिळवला नव्हता. सयाजीराव कोण? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचा पोर, गोपाळ. मल्हारराव गायकवाडाला इंग्रजांनी 1875 ला गादीवरून हाकललं आणि त्याच साली या बारा वर्षांच्या पोराला दत्तक घेऊन गादीवर बसवलं. वाड्याचा पाया खोदला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. म्हणजे पैसा ना कवळाण्याचा, ना त्याच्या घामाचा. तो शेतसाऱ्याचा पैसा. रयतेचा. त्यात वेठबिगारीत राबलेल्यांचा घाम आहे, ज्याची कुठल्याच वहीत नोंद नाही. वाडा उभा राहून दहा वर्षं झाली नाहीत तोच छप्पनचा दुष्काळ आला, 1899-1900 चा. बडोदा संस्थानची लोकसंख्या 1891 च्या शिरगणतीत 24 लाखांवर होती, 1901 ला साडेएकोणीस लाखांवर आली. दहा वर्षांत साडेचार लाखांवर माणूस कमी झाला. दुष्काळात आधी कोण मरतं ते मी सांगायला नको. ज्याच्या घरात कणगी नाही तो. ज्याला विहिरीवर चढायची बंदी तो.

इथं कुणीतरी उठून बोट दाखवणारच. दाखवतात. चळवळीतलेही दाखवतात. "अरे, गायकवाडांच्या उपकारानं बाबासाहेब शिकले. त्या घराबद्दल असं बोलतोस?"

बोलतो. आणि नीट बोलतो. सयाजीरावांनी अस्पृश्यांच्या पोरांसाठी शाळा काढल्या, तेव्हा हिंदू मास्तर शिकवायला तयार नव्हते, म्हणून मुसलमान मास्तर नेमावे लागले. 1906 साली त्यांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. इंग्रज सरकारला जे जमलं नाही ते केलं. देशात साडेपाचशेवर संस्थानं होती. त्यातले बाकीचे राजे वाघ मारत होते, हिरे जमवत होते. कोल्हापूरचे शाहू आणि बडोद्याचे सयाजीराव यांचं नाव आम्ही आदरानं घेतो, ते त्यांच्या कामामुळं. राजवाड्यामुळं नाही. आदर वेगळा आणि उपकाराचं ओझं वेगळं. रयतेच्या तिजोरीतून रयतेच्या पोराला शिकवलं, तर ती देण्याची फेड झाली. तीही थोडी.

किती थोडी? हिशेब करा. 1913 साली बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. छत्तीस महिन्यांचे 414 पौंड. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार लिहून घेतला. आता राजवाड्याच्या 1 लाख 80 हजारांना 414 नं भागा. उत्तर 434. प्रवासखर्च सोडा, भाव थोडे इकडंतिकडं करा, तरी चारशेच्या घरात उत्तर येतं. एका वाड्याच्या किमतीत अस्पृश्यांची चारशे पोरं कोलंबियात शिकली असती. एकानं शिकून या देशाची राज्यघटना घडवली. चारशे शिकले असते तर काय झालं असतं, याची कल्पना करा आणि मग त्या बेल्जमच्या काचेकडं परत एकदा बघा.

आणि 1917 विसरू नका. करारापोटी बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर आले. परदेशात शिकलेला माणूस, राजाचा अधिकारी. शहरात राहायला खोली मिळेना. हिंदू हॉटेलात जात विचारणार, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. ऑफिसात शिपाई फायली लांबून फेकायचे. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला, तो अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडं फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात आले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडं आसरा मागितला, दोघांनी गोड बोलून टाळलं. शेवटी मुंबईची गाडी सुटेपर्यंत तो माणूस कामाठी बागेत बसून राहिला. बागही राजाचीच!

ज्या राजाला इटलीहून फरशी आणवता आली, त्याच्या राज्याला आपल्याच अधिकाऱ्यासाठी आपल्याच राजधानीत एक खोली देता आली नाही. राजा चांगला होता, म्हणून तर हे जास्त भयंकर. वाईट राजाची गोष्ट असती तर राजा बदला म्हटलं असतं. इथं राजा सुधारक, हुकूम सुधारक, आणि हुकूम राजवाड्याच्या फाटकाबाहेर पडला की जातीच्या उंबऱ्यावर ठेच लागून मरतो. राजाच्या दयेवर ज्यांनी मुक्ती टांगून ठेवली त्यांनी हे लिहून ठेवावं. दया पगार देते, खोली देत नाही. खोली हक्कानं मिळते, नाहीतर मिळत नाही.

"झालं ते राजेशाहीत. आता लोकशाही आहे." आहे ना. बडोदा संस्थान 1949 ला विलीन झालं. राजांचे तनखे 1971 ला घटनादुरुस्तीनं बंद झाले. तनखा गेला, राजवाडा राहिला. असो. पण नव्या राजांचं काय? दिल्ली सरकारची अनुसूचित जातींसाठी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. 2022 साली तिच्यात नियम घातला, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाज या विषयांवर अभ्यास करायला पैसे मिळणार नाहीत. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबियात निबंध वाचला तो कशावर? भारतातल्या जातींवर! म्हणजे या लोकशाहीच्या नियमानं 1913 चा भीमराव दारातच अडला असता. 2025 च्या जुलैत 106 पोरं निवडली आणि आधी पत्रं दिली 40 जणांना. बाकीच्यांना काय, तर पैसे आले तर बघू. संस्थानच्या राजानं निदान तारीख घालून पैसे दिले होते. साला, लोकशाहीत येऊन आम्ही राजाची आठवण काढायची पाळी आणली यांनी!

आता थोडं घरातलं बोलू. चळवळीतल्या पोरांनो, रागावू नका. आपल्या लग्नात स्टेजवर थर्माकोलचा राजवाडा कोण उभा करतं? कर्ज काढून नवरदेवाला सिंहासनावर कोण बसवतं? सत्कारात पुढाऱ्याच्या डोक्यावर चांदीचा मुकुट आणि हातात तलवार कोण देतं? वस्तीत संडासाला रांग आणि बॅनरवर साहेब राजाच्या पोशाखात. ज्यानं मुकुट घातला त्याला आधी प्रजा लागते. तो तुम्हाला कार्यकर्ता ठेवणार नाही, हुजऱ्या करील. आणि हुजऱ्याला राजवाडा नेहमीच सुंदर दिसतो.

बाबासाहेबांनीही घर बांधलं. दादरला, हिंदू कॉलनीत. नाव ठेवलं राजगृह. नाव बुद्धाच्या काळातल्या नगराचं, आणि घर बांधलं पुस्तकांसाठी. माणसं कुठं झोपतील याआधी कपाटं कुठं बसतील याचा विचार करून बांधलेलं दुसरं घर या देशात मला दाखवा. तिथं झुंबर नाही, सज्जा नाही, जाळी नाही. 7 जुलै 2020 ला त्याच राजगृहावर हल्ला झाला. कुंड्या फोडल्या, काचा फोडल्या. लक्ष्मीविलासची काच फोडायचं कुणाच्या मनात येत नाही, कारण तिथं कुणाच्या गादीला धोका नाही. पुस्तकांच्या घराला दगड पडतात. दगड मारणाऱ्याला बरोबर कळलेलं असतं कुठला वाडा धोक्याचा आहे. आपल्याला कधी कळणार?

तेव्हा राजवाडे बघायला जरूर जा. तिकीट काढा, रांगेत उभे राहा, छत बघा, फरशी बघा. पण वाटाड्याला विचारा, हजेरीपट कुठाय? दगड वाहणाऱ्यांची नावं कुठायत? नसतील तर जुन्या दप्तरखान्यात शोधायला चळवळीनं पोरं पाठवावीत. इतिहासाचं एमए करून बेकार बसलेली आपल्यात काय कमी आहेत? आणि बडोद्याला गेलात तर वाड्यावरून सरळ स्टेशन गाठू नका. कामाठी बागेत जा. तिला आता सयाजी बाग म्हणतात. जिथं तो खोली नाकारलेला माणूस बसला होता तिथं आता संकल्पभूमी आहे, 23 सप्टेंबरला लोक जमतात. त्या झाडाखाली बेल्जमची काच नाही, व्हेनिसची फरशी नाही. पण या देशातली राजेशाही खरी संपायला सुरुवात तिथं झाली.

गावाबाहेरच्या राजवाड्यातल्या पोरांनो, आपल्याला लक्ष्मीविलास नको. त्याच्या किमतीतली आपली 434 पोरं पाहिजेत. त्यांची फी, त्यांची खोली, त्यांच्या आवडीचा विषय. हक्कानं, तारीख घालून. देत नसतील तर फाटकाबाहेर उभं राहायची आपल्याला सवय आहे. यावेळी हात जोडून उभं राहायचं नाही, एवढंच.

जय भीम!