खेळता खेळता : कधीच न हरणारा सेंटर फॉरवर्ड

काय दोस्तांनो, चला, आज आपण सगळे मिळून एक फुटबॉलपटू तयार करू!

तो आपल्या नाशिकचाच हं. राहतो पंचवटीत, शाळेत जातो सायकलवर, सकाळी मिसळ-पाव चापतो. आणि त्याची डाव्या पायाची किक! गोल्फ क्लबच्या मैदानावर त्यानं बॉल मारला की तो जाळी फाडून थेट गोदावरीपार. आजवर एकही पेनल्टी त्यानं चुकवलेली नाही. संघ ०-३ ने मागं असू दे, पाचच मिनिटं उरलेली असू देत, हा पठ्ठ्या चार गोल करणार म्हणजे करणार! पंधराव्या वर्षी जिल्ह्याच्या संघात, सोळाव्या वर्षी भारताच्या संघात आणि सतराव्या वर्षी वर्ल्ड कप हातात. नाव काय ठेवायचं, ते तुम्हीच ठरवा.

हसलात ना? ‘असं कुठं असतं का?’ म्हणालात ना? पण असाच एक पठ्ठ्या इंग्लंडमध्ये जवळजवळ चाळीस वर्षं खेळला. फक्त कागदावर!

त्याचं नाव रॉय रेस. ११ सप्टेंबर १९५४ रोजी ‘टायगर’ नावाच्या मुलांच्या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला, आणि त्यातल्या चित्रकथेत हा सोनेरी केसांचा पोरगा अवतरला. त्याचा संघ मेलचेस्टर रोव्हर्स. इंग्लंडच्या नकाशावर मेलचेस्टर शोधू नका, सापडणार नाही. तेही रॉयसारखंच काल्पनिक. पोरांना रॉय इतका आवडला, की १९७६ मध्ये त्याच्या नावाचं स्वतंत्र साप्ताहिकच निघालं.

या रॉयनं काय काय करावं? लीग जिंकल्या, चषक जिंकले, संघाचा कप्तान झाला, मग खेळता खेळता मॅनेजरही झाला. मधल्या काळात गुंडांनी त्याला पळवून नेलं. एकदा नाही, बऱ्याचदा! १९८१ मध्ये त्याच्यावर गोळी झाडली गेली आणि तो बेशुद्ध पडला. मग त्याचा संघ कोणी सांभाळावा? इंग्लंडला १९६६ चा खराखुरा वर्ल्ड कप जिंकून देणारे मॅनेजर सर आल्फ रॅम्सी चित्रकथेत आले! पुढं खरेखुरे क्रिकेटपटू जेफ्री बॉयकॉट या क्लबचे अध्यक्षही झाले. हो, तेच बॉयकॉट, ज्यांची कॉमेंट्री तुमच्या आईबाबांनी टीव्हीवर ऐकलेली असेल. विचारून बघा.

आता एक गणित. १९५४ साली रॉय १६ वर्षांचा होता असं धरू. १९९३ साली तो किती वर्षांचा? ५५! आणि तरी गडी सेंटर फॉरवर्ड खेळतोच आहे. त्या वर्षी हेलिकॉप्टरच्या अपघातात त्याचा प्रसिद्ध डावा पाय गेला, तेव्हा कुठं त्याचं खेळणं थांबलं. आजही इंग्लंडमध्ये शेवटच्या क्षणी कुणी अचाट गोल केला, की लोक म्हणतात, ‘हे तर रॉयच्या गोष्टीतलं झालं!’

असले अचाट हिरो काय फक्त इंग्रजांकडेच आहेत? छे! भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवा. फुरसुंगीचा बनेश फेणे, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात. अंगानं काडी पैलवान, पण सायकलवर बसला की वारा, आणि तोंडानं ‘ट्टॉक्!’ आपल्या आजी-आजोबांपासून ते २०१७ च्या सिनेमापर्यंत इतक्या पिढ्यांना तो भेटला.

हे हिरो कधी म्हातारे का होत नाहीत? शेवटी जिंकतातच का? कारण त्यांचा लेखक त्यांच्या बाजूनं असतो! गोष्ट अडचणीच्या टोकावर नेऊन थांबवायची, वाचकाला ‘आता कसं होणार?’ म्हणून तळमळत ठेवायचं आणि मग हिरोला सोडवायचं. साप्ताहिकाचा खेळच तो. वाचायला मोठी मजा येते, जरूर वाचा.

पण तुमच्या-आमच्या पेनल्टीच्या वेळी लेखक नसतो ना! बॉल बारला लागतो नि बाहेर जातो. मग आख्खा वर्ग दोन दिवस बोलत नाही, आणि घरी येऊन दप्तर फेकताना वाटतं, ‘आपल्याला खेळ येतच नाही. उद्यापासून मैदानावर जायचंच नाही.’

थांबा! अजून एक गणित. सुनील छेत्री हा भारताचा सर्वांत जास्त गोल करणारा खेळाडू. ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध तो निवृत्तीचा सामना खेळला, तेव्हा त्याच्या नावावर होते १५१ सामने आणि ९४ गोल. म्हणजे प्रत्येक गोल वेगळ्या सामन्यात केला असं धरलं, तरी कमीत कमी ५७ सामन्यांत त्याचा एकही गोल नाही! आणि त्या निरोपाच्या सामन्यात काय झालं? रॉयनं नक्की शेवटच्या मिनिटाला गोल ठोकला असता. छेत्रीचा सामना ०-० सुटला. २०२५ मध्ये तो पुन्हा भारताकडून खेळायला उतरला, ती गोष्ट वेगळी.

आणि आता आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही. तिथला दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जायचा. सैन्यात भरती झाल्यावर त्यानं पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं. २०१६ मध्ये तो रिओ ऑलिंपिकला पोचला आणि तेरावा आला. २०१८ च्या एशियाडमध्ये २३ ऑगस्टला त्याची एकट्याची अंतिम शर्यत होती. सगळ्यांची नजर त्याच्यावर. पण अर्ध्या वाटेत अंगातली ताकदच संपली, आणि दत्तू शेवटचा, म्हणजे सहावा आला.

दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नावेची शर्यत होती. तीन साथीदार त्याच्यावर विसंबलेले. दत्तू पुन्हा नावेत बसला. आणि भारताच्या त्या नावेनं सुवर्णपदक जिंकलं!

ही गोष्ट रॉयच्या कुठल्याही गोष्टीला हार जाणार नाही. फरक एवढाच, की २३ ऑगस्टच्या रात्री दत्तूला उद्याचं पान ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना तो नावेत बसला.

घरातल्या मोठ्यांसाठीही दोन शब्द. मूल सामना खेळून आलं, की आपण दारातच विचारतो, ‘जिंकलात का?’ एकदा ‘मजा आली का?’ असं विचारून तर बघा. हरलेलं पोरही पाणी पिऊन सगळी मॅच सांगत बसेल.

या आठवड्याचा उद्योग : पंचवटीच्या आपल्या सेंटर फॉरवर्डला नाव द्या आणि त्याची एक गोष्ट लिहा. अट एकच : या सामन्यात तो पेनल्टी चुकवतो आणि संघ हरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काय करतो, ते मात्र वहीचं एक पान भरून लिहायचं. बघू या, कोणाचा हिरो जास्त भारी निघतो ते!