ब्रासो आणि काळी टेप

परवा रोल कॉल संपल्यावर युनिटमधला एक पोरगा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. नगर जिल्ह्यातला आहे, लग्न ठरलंय. दोन वर्षं पैसे साठवून त्याला फुजीफिल्मचा कॅमेरा घ्यायचाय. मॉडेल ठरलं, लेन्स ठरली, घोडं अडलं ते रंगावर.

"साहेब, काळा घेऊ का सिल्व्हर? सगळे म्हणतात काळाच घे. सिल्व्हर म्हणजे नुसता दिखावा."

उत्तर लगेच देता आलं असतं, पण दिलं नाही. या एका प्रश्नावर माझं स्वतःचं मत पंचवीस वर्षांच्या नोकरीत दोनदा बदललं आहे. हसू नका. रंगावरून भांडणारे फोटोग्राफर मी पाहिलेत, आणि त्यांचं भांडण वाटतं तेवढं पोकळ नाही.

माझा पहिला कॅमेरा सिल्व्हर होता. पेन्टॅक्स के-१०००, कराडच्या एका स्टुडिओवाल्याकडून सेकंडहँड घेतलेला. वजनाला दणकट, आणि सेल लागायचा तो फक्त उजेड मोजायच्या मीटरला. सेल संपला तरी फोटो निघायचाच. मी तेव्हा नुकताच ट्रेनिंग सेंटरमधून बाहेर पडलो होतो. तिथे वर्षभर ब्रासो लावून बेल्टचं बक्कल घासलेलं. बक्कलमध्ये उस्तादला स्वतःच्या मिशा दिसल्या नाहीत तर रगडा ठरलेला. त्यामुळे चमक म्हणजे शिस्त, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. कॅमेराही मी तसाच पुसून लख्ख ठेवायचो.

मग पोस्टिंग आली लडाखला. फील्डमध्ये कॅमेरा बाळगायचा तर आधी परवानगी, आणि कुठे काढायचा नाही हे पाठ. माझ्याकडे परवानगी होती. तरी पहिल्याच दिवशी गळ्यातला कॅमेरा बघून आमचे हवालदार मेजर कडाडले, "ये आईना लटका के कहाँ चला?"

रंगरूट असताना शिकवलेला धडा मी विसरलो होतो. वस्तू नजरेला का पडते? आकारामुळे, सावलीमुळे, हालचालीमुळे, आणि चमकेमुळे. परेड ग्राउंडवर जे बक्कल घासायचं, तेच फील्डमध्ये झाकायचं. त्यांनी वर्कशॉपमधून काळ्या इन्सुलेशन टेपचा रोल आणून दिला. मी वरची पट्टी, खालची पट्टी, कडा, सगळं झाकून टाकलं. त्याचा एक फायदा नंतर कळला. तिथल्या थंडीत उघडा धातू गालाला लागला की चामडी धरतो. टेपमुळे ते वाचलं.

त्या दिवसापासून मी काळ्याच्या बाजूचा झालो. पुढे वाचनात आलं की आन्री कार्तिए-ब्रेसाँ हेच करायचा. आपल्या लायकाचे चमकणारे भाग तो काळ्या टेपने झाकायचा, लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून. १९४८ साली दिल्लीत गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो ज्याने काढले, तोच हा माणूस. एवढा मोठा फोटोग्राफर आणि आमचे हवालदार मेजर एकाच मताचे निघाले, याचा मला फार आनंद झाला होता.

पण मी ईएमईचा माणूस. रंग आणि मुलामा यांच्याशी रोजचा संबंध. म्हणून थोडं खोलात गेलो, तर वेगळीच गंमत दिसली. १९२५ साली लायकाचा पहिला कॅमेरा बाजारात आला तो काळाच होता. खाली पितळ, वर काळा रंग. हा रंग कडांवरून झिजायचा. १९३०च्या दशकात त्यावर क्रोमचा मुलामा आला. तो जास्त टिकाऊ, म्हणून सिल्व्हर हा सर्वसाधारण कॅमेऱ्याचा रंग झाला. मग काळा उरला तो मुद्दाम मागून घेणाऱ्यांसाठी, विशेषतः वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरांसाठी. १९५९चा निकॉन एफ दोन्ही रंगांत मिळायचा, आणि काळा दिसला की हा धंद्यातला माणूस असं लोक समजायचे. पुढे प्लॅस्टिकचे कॅमेरे आले आणि काळा घरोघरी झाला. आता सिल्व्हर घेतला की लोक म्हणतात, हा शौकीन आहे. म्हणजे शंभर वर्षांत दोन्ही रंगांचे अर्थ उलटेपालटे झाले. रंगात मुळात काही नव्हतंच. तो कोणाच्या हातात दिसायचा, त्यावर सगळं.

झिजलेल्या काळ्या रंगाखालून डोकावणारं पितळ काहींना इतकं आवडतं की २०१५ साली लायकाने कारखान्यातच हाताने झिजवलेला कॅमेरा काढला, गायक लेनी क्रॅव्हिट्झच्या कल्पनेवरून, फक्त १२५ नग. मला ते वाचून आमच्या भरतीतला एक बहाद्दर आठवला. सीनियर दिसावं म्हणून तो नवी वर्दी दगडावर घासून फिकी करायचा. पहिल्याच पीटीला त्याची सिनियॉरिटी उतरायची.

उन्हाचं म्हणाल, तर जैसलमेरला असताना मेच्या दुपारी काळा कॅमेरा जोंग्याच्या बॉनेटवर विसरलो आणि उचलताना हात भाजला. कॅनन आपल्या मोठ्या टेलिफोटो लेन्स पांढऱ्या करते, त्या उन्हात कमी तापाव्यात म्हणूनच. लडाखमध्ये टेप बरोबर होती, जैसलमेरला चूक ठरली असती. इथवर हिशोब बरोबरीचा होता.

तो फिरला अरुणाचलमध्ये. २००७ साल असेल. तवांगच्या बाजूला एका मोनपा वस्तीत आमच्या युनिटने दोन दिवसांचं मेडिकल कॅम्प लावलं होतं. रेकॉर्डसाठी फोटो काढायचं काम माझ्याकडे. हातात युनिटचा काळा डिजिटल कॅमेरा, वर लांबलचक लेन्स. लोकांना त्रास नको म्हणून मी तीसेक पावलांवर उभा राहून काढत होतो. रांगेत एक आजी बसली होती, मरून पोशाख, हातात जपमाळ. मी लेन्स तिच्याकडे वळवली तशी ती उठली आणि पाठ करून बसली. औषध न घेताच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी युनिटच्या कॅमेऱ्याची बॅटरी मेली होती, म्हणून मी माझा जुना के-१००० घेऊन गेलो. टेप केव्हाच निघालेली, वर नुसते डिंकाचे डाग. आजी आली होती. लेन्स आखूड, त्यामुळे मला जवळ जावंच लागलं. तिने कॅमेरा पाहिला, हात पुढे केला, उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. मग केस सारखे करून ताठ बसली. नंतर शेजारच्या पोराने हिंदीत सांगितलं, आजी म्हणते, काल याच्याकडे पाळत ठेवायचं यंत्र होतं, आज फोटोचं आहे.

त्या वाक्याने मला बरेच दिवस झोप नीट लागली नाही. आजारी बाई औषध न घेता गेली, ती माझ्यामुळे. मी त्रास नको म्हणून लांब उभा होतो, पण तिच्या बाजूने पाहिलं तर वर्दीतला एक माणूस लांबून काळी नळी रोखून उभा होता.

कोणी म्हणेल, फरक रंगाचा नव्हता, लेन्सचा आणि अंतराचा होता. मान्य. पण रंगही त्यातच येतो. काळ्याच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा हाच असतो, की समोरच्याला कळत नाही. पॅरिसच्या रस्त्यावर साध्या कपड्यांत फिरणाऱ्याला ते शोभत असेल. मी वर्दीत आहे. शत्रूपासून लपणं हे माझं काम, पण कॅम्पमध्ये औषधाला आलेल्या बाईपासून लपायचं मला कारण काय? तिला आधी दिसलं पाहिजे की हा कॅमेरा आहे, आणि नको असेल तर नको म्हणता आलं पाहिजे.

रोल तेजपूरहून धुऊन यायला दीड महिना लागला. फोटो मी स्वतः नेऊन दिला. आजीने तो कपड्यांच्या पेटीत, घडीखाली ठेवला.

तर त्या पोराला काल बोलावून सांगितलं, सिल्व्हर घे. गरज पडली तर टेप लावून काळा करता येतो, काळ्याचा सिल्व्हर होत नाही. तो खाली बघत म्हणाला, "साहेब, पण तिचं म्हणणं काळाच घ्या."

मग काय, विषय संपला. वरून हुकूम आलाय, काळाच घे बाबा. फक्त एक कर. फोटो काढायच्या आधी तो डोळ्याला लावू नकोस, छातीपाशी धर आणि समोरच्याला नीट बघू दे.