कुठे दुखतंय ते सांगा, औषध नको

गेल्या रविवारी मावसभावाचा फोन आला. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गॅदरिंगसाठी पंधरा मिनिटांची विनोदी फिल्म केलीये, वर्गातल्या चाळीस जणांना दाखवली आणि वर प्रत्येकाकडून फॉर्म भरून घेतला.

"दादा, चाळीस जणांची चाळीस मतं आहेत. एक म्हणतो गाणं टाक, दुसरा म्हणतो आहे तेही म्युझिक काढ. कोणाचं ऐकू?"

"आत्ता कोणाचंच नको. ते हसले कुठे कुठे, ते सांग."

"ते कुठे लिहून ठेवलंय?"

बोंबला! पण त्याला नावं ठेवायला मला तोंड नाही. २००४ साली मीही हाच गाढवपणा केला होता.

आमच्या फिल्मचं नाव होतं 'एक्स्टर्नल'. हॉस्टेलचा नळ तीन आठवडे गळतोय, पोरं प्लंबरची वाट बघतायत, आणि व्हायवासाठी आलेले एक्स्टर्नल परीक्षक चुकून त्यांच्याच खोलीत शिरतात. पोरं त्यांच्या हातात पाना देतात. ते बिचारे मेकॅनिकलचे, त्यामुळे गळका नळ बघून त्यांचेही हात शिवशिवतात. दुसऱ्या दिवशी व्हायवाच्या टेबलापलीकडे तोच माणूस! बास, एवढीच गोष्ट. लांबी बावीस मिनिटं. उसना हँडीकॅम, मिनीडीव्ही कॅसेटी आणि एका मित्राचा पेंटियम फोर. एक बदल केला की रात्रभर रेंडरिंग. मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे कोणाचा सल्ला ऐकायचा हा प्रश्न आमच्यासाठी अक्षरशः झोपेचा होता.

पहिला खेळ हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये. तीस पोरं, वडापावची लाच आणि शेवटी चिठ्ठ्या. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर एकच तक्रार : 'शेवट पांचट आहे, बदला.' झालं! आम्ही दोन रात्री बसून नवे शेवट लिहिले. एकात सगळं स्वप्न निघतं, एकात परीक्षक वॉर्डनचे मेहुणे निघतात. एकापेक्षा एक भिकार.

वाचलो ते निव्वळ नशिबाने. एका मित्राने आठवण म्हणून हँडीकॅम प्रेक्षकांकडे तोंड करून चालू ठेवला होता. ती टेप लावली आणि डोकंच चक्रावलं. चौथ्या मिनिटाला वॉर्डनचं एक वाक्य होतं, 'आज प्लंबर येणार आहे.' पण त्याच्या आधीच्या विनोदावर खोली एवढी हसत होती की हे वाक्य कोणाला ऐकूच गेलं नव्हतं. म्हणजे आलेला माणूस कोण, पोरं त्याला काय समजतायत, हेच निम्म्यांना कळलं नव्हतं. मग शेवट पांचट वाटणारच!

आपल्या धंद्यात हे रोजचंच आहे. प्रोग्राम विसाव्या ओळीला कोसळतो, पण चूक चौथ्या ओळीत केलेली असते. युजर म्हणतो, 'हे बटण काढून टाका.' बटणाचा काही दोष नसतो. पण युजर खोटंही बोलत नसतो. त्याला तिथे खरंच दुखलेलं असतं. दुखणं त्याने सांगावं, निदान आपण करायचं. मी तर म्हणेन, तक्रार शंभर टक्के खरी धरा आणि उपाय शंभर टक्के संशयित.

आम्ही हशा ओसरायला तीन सेकंद जागा सोडली आणि 'आज प्लंबर येईल, खोल्या उघड्या ठेवा' अशी नोटीस बोर्डावर दाखवली. शेवटाची एक फ्रेमही बदलली नाही. पुढच्या खेळाला त्याच शेवटावर पोरांनी टीव्ही रूम डोक्यावर घेतली.

ती जागा एडिट करताना का सुचली नाही? कारण रात्री दोन वाजता हेडफोन लावून बसलेल्या माणसासोबत कोणी हसत नसतं. सिनेमातल्या नटाला हशा ओसरेपर्यंत थांबता येत नाही. नाटकातला थांबतो. मार्क्स बंधूंनी १९३५ च्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'साठी यावर झकास उपाय काढला होता. शूटिंगच्या आधी त्यातले प्रवेश घेऊन ते थिएटरांमधून फिरले, रोज लोकांसमोर केले आणि हशा बघून वाक्यं बदलली. आपल्याकडे वगनाट्यवाले हे कायमच करत आले आहेत. फक्त त्याला टेस्टिंग म्हणत नाहीत, एवढंच.

पण म्हणून हशा हाच देव मानायचा का? इथे आम्ही दुसऱ्यांदा माती खाल्ली.

माझा रूममेट अकोल्याचा. फिल्ममध्ये त्याचं एक वाक्य होतं, 'काय करून रायला बे?' यावर सगळ्यात मोठा हशा. 'वऱ्हाडी डायलॉग वाढवा' हा एकच सल्ला असा होता ज्यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि टेपही तेच सांगत होती. मी खुशीत आणखी दोन वाक्यं घातली. हशा वाढला.

मग एका रात्री लक्षात आलं की हा पठ्ठ्या खोलीत आमच्याशी पुणेरी बोलायला लागलाय. 'काय करतोयस रे?' तीही अडखळत. मी दुसऱ्या खेळाची टेप पुन्हा लावली. या वेळी कोपऱ्यात फक्त तोच बघितला. पहिल्या वाक्याला हसतोय. तिसऱ्याला मान खाली घालून चपलेकडे बघतोय. त्या वाक्यात विनोद मुळात नव्हताच हो! त्याच्या घरी असंच बोलतात. हसणारे आम्ही, आणि हसू आलं होतं ते त्याच्या घराचं. टेप हशा किती ते सांगते, कोणाला ते सांगत नाही.

त्याला सरळ विचारलं. आधी 'काही नाही बे' वगैरे झालं. मग म्हणाला, "हा प्लंबर नाही हे मला आधीच कळते, असं दाखव ना. मी सांगून रायलो, अन् तुमी हासूनच रायले."

अख्ख्या टेस्टिंगमध्ये तक्रार आणि उपाय दोन्ही बरोबर असलेला हा एकमेव माणूस. कारण उघड आहे, किंमत तो मोजत होता. आम्ही अर्धा दिवस पुन्हा शूटिंग केलं. त्याचं बोलणं तेच ठेवलं, मूर्ख आम्ही ठरलो. गॅदरिंगला त्या जागेचा हशा निम्म्यावर आला. बक्षीसही गेलं, ते प्राध्यापकांची मिमिक्री करणाऱ्या ग्रुपला मिळालं. मला आजही त्याचं काही वाटत नाही. खोलीत 'काय करून रायला बे' परत आलं, हे पुरेसं होतं.

कोणी म्हणेल, अशाने विनोद शिल्लकच राहणार नाही. मला तसं वाटत नाही. विनोद कोणाची तरी फजिती करणारच. फक्त ती त्याने केलेल्या मूर्खपणाची असावी, जन्मगावाची नको.

मावसभावाला म्हटलं, "पुन्हा दाखव. कॅमेरा प्रेक्षकांकडे लाव. तक्रारी मिनिटांप्रमाणे मांड, उपाय बाजूला ठेव. आणि जो अजिबात हसत नाहीये, त्याला एकट्याला चहाला ने."

एवढं सगळं ऐकून पठ्ठ्या म्हणतो, "भारी. पण दादा, मधे जरा लांबलं."

असो. नेमकं कितव्या मिनिटाला, ते शोधतोय.