कडेची लेन

गोव्यातल्या आमच्या शिरगावात लईराई देवीच्या जत्रेच्या दिवशी धोंडांच्या तळीवर थोडा वेळ उभे राहून पाहावे. वैशाख शुद्ध पंचमीला गावोगावचे धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, हातात वेताची काठी घेऊन आपापल्या गटाने येतात आणि एकत्रच पाण्यात उतरतात. त्यांत विशीतला मुलगा असतो आणि सत्तरी गाठलेले आजोबाही असतात. कुणाचे पोट सुटलेले, कुणाचे खांदे वाकलेले. ओल्या अंगाने वर येताना कुणालाही संकोच वाटत नाही, कारण सगळेच ओले असतात.

या सदरात चालणे, सायकल आणि योगासने यांवर पुष्कळ लिहून झाले. आज पोहण्यावर लिहायचे आहे, तेही चाळिशी-पन्नाशीत, गटाने आणि नेमाने पोहण्यावर. आमच्या शिरगावच्या आठ जणांनी गेल्या वर्षी हे सुरू केले, तेव्हा मला तळीवरचे ते दृश्य आठवले. मोठ्या माणसाला पाण्याची भीती असते हे खरेच. पण त्याहून मोठी भीती असते ती काठावरून आपल्याला कुणीतरी पाहील याची. एकट्याने गेलेला माणूस दोन-चार दिवसांत घरी बसतो तो यामुळेच.

आमच्या आधीच्या पिढीला हा प्रश्न नव्हता. कमरेला दोन असोले नारळ बांधून मुलांना विहिरीत सोडत, आणि पावसाळा सरेपर्यंत पोर पेंवायला, म्हणजे पोहायला, लागे. पुढे गावच्या खाणी खोल गेल्या, त्यांतले पाणी उपसले गेले आणि गावच्या विहिरी आटल्या. विहिरींबरोबर ती शाळाही बंद पडली. आता खाणींच्या खंदकांत हिरवे पाणी दिसते, पण तिथे कुणीही उतरू नये. कडा सरळ तुटलेल्या असतात, माती निसरडी असते आणि वर यायला आधार मिळत नाही. म्हणून आम्ही आठवड्यातून तीन सकाळी दोन गाड्या करून पणजीला कांपालच्या तलावावर जातो. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतले पोहणे झाले तोच हा तलाव. ५० मीटर लांबी पहिल्यांदा पाहिली की पलीकडची भिंत दुसऱ्या गावात आहे असे वाटते.

पहिला महिना आम्ही अंतर मोजलेच नाही. आमच्या गटातल्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळा गाव बाई म्हणतो, दहा मीटरांत धापा टाकत थांबायच्या. दम कमी पडतो, वय झाले, असे त्यांना वाटे. प्रशिक्षकाने त्यांना भिंतीला धरून उभे केले आणि सांगितले, "बाई, तोंड पाण्यात घाला आणि नुसते हूं म्हणत राहा." बुडबुडे आले. शिकायला येणारी बहुतेक मोठी माणसे पाण्याखाली श्वास रोखून धरतात, आणि वर आल्यावर सोडणे-घेणे दोन्ही एका क्षणात करू पाहतात. छातीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव घाबरा होतो. हवेची कमतरता हे त्याचे कारण नसतेच. बाईंचे ते हूं पंधरा दिवस चालले. मग एके दिवशी त्यांनी न थांबता पलीकडची भिंत गाठली, आणि आम्ही सात जणांनी पाण्यात टाळ्या वाजवल्या.

गटाचे खरे शिक्षण लेनमध्ये होते. एका बाजूने जायचे, दुसऱ्या बाजूने परतायचे. पुढचा निघाल्यावर दहा सेकंदांनी आपण निघायचे. मागून वेगवान माणूस आला तर तो पायाला हलकेच बोट लावतो. आपण भिंतीपाशी कोपऱ्यात सरकून त्याला वाट द्यायची. लेन वेगानुसार ठरते. वय, हुद्दा, पुरुष की बाई यावर नाही. आठ वेळा ५० मीटर, मध्ये ३० सेकंद विश्रांती, एवढ्या साध्या पाठानेही तीन महिन्यांत अंग बदलते. सुती कपडे मात्र चालत नाहीत. ते पाणी पितात, जड होतात आणि त्यांचे धागे गाळणीत अडकतात. घोट्यापर्यंतचा, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख बाजारात मिळतो. हे कळल्यावर आमच्या गटात आणखी दोघी आल्या. रक्तदाब आणि कान मात्र आधी डॉक्टरांना दाखवावेत.

तलाव चालवणाऱ्यांकडे माझे एकच मागणे आहे. मुलांच्या तुकड्या असतात, स्पर्धकांच्या असतात. उरलेल्या वेळात मोठ्यांना सोडून देतात. तसे न करता रोज एक तास, काठावर प्रशिक्षक उभा असलेली, कडेची एक लेन नवशिक्या प्रौढांच्या गटासाठी राखून ठेवा. कडेची अशासाठी, की हाताशी भिंत असते.

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ मध्ये आयर्नमॅन ७०.३ शर्यत झाली, समुद्रातले तिचे १.९ किलोमीटर पोहणे लोकांनी पाहिले, आणि प्रौढांनी पोहायचे ते असेच, असा समज पसरला. मला मात्र मिएको नागाओका या जपानी आजी जवळच्या वाटतात. गुडघ्याच्या दुखण्यासाठी त्या ऐंशीनंतर पोहायला लागल्या आणि २०१५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, १५०० मीटर पोहल्या. वेळ लागला सव्वा तासाहून थोडा अधिक.

प्रौढांच्या स्पर्धांना मास्टर्स म्हणतात. अमेरिकेच्या नौदलातले डॉक्टर रॅन्सम आर्थर यांच्या प्रयत्नांतून १९७० मध्ये टेक्ससमधल्या अमॅरिलो गावी मास्टर्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. जागतिक नियमांत वयाच्या पंचविशीपासून पाच-पाच वर्षांचे गट असतात. रिले शर्यतीची रीत मला सर्वांत आवडते. तिथे चौघांच्या वयांची बेरीज करतात आणि त्या बेरजेवरून गट ठरतो: १६० ते १९९, मग २०० ते २३९. म्हणजे संघात वयस्क माणूस असला तर त्याचे वय साऱ्या संघाच्या उपयोगी पडते.

परवा परतताना गाडीत आम्ही हिशेब केला. बाई ५९ वर्षांच्या. बाकी आम्ही तिघे ५१, ४५ आणि ४१. बेरीज १९६ झाली. बाई थोडा वेळ बाहेर बघत बसल्या, मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी चौघेही एकेका वर्षाने वाढू. बरोबर दोनशे."